सांगलीत खाऱ्या पाण्याची पहिली टाकी : गाळणीची व्यवस्था कोणती निवडावी?

हरिपूर_रोड :

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत विश्रामबाग भागात दुसऱ्या मजल्यावर राहतो. गोड्या पाण्याची टाकी गेली सहा वर्षे सांभाळत आहे, त्यामुळे मासे पाळण्याचा अगदीच नवखा नाही. परंतु खाऱ्या पाण्याच्या बाबतीत मात्र पाटी कोरी आहे. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला सागरी संशोधन केंद्रातील मत्स्यालय पाहिले आणि तेव्हापासून धाकट्या मुलीने केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिश माशाचा ध्यास घेतला आहे.

टाकी घेऊन ठेवली आहे. मापे २४ × १५ × १८ इंच, म्हणजे काठोकाठ भरल्यास साधारण १०६ लिटर. वर दोन इंच मोकळे सोडले आणि दगड-वाळूची जागा वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी ८५ लिटरच्या आसपास राहील. मासे दोन, फार तर तीन ठेवण्याचा विचार आहे. प्रवाळ सध्या नको.

अडचण गाळणीची आहे. तीन दुकानांत विचारले. सांगलीत कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर) घ्या म्हणाले, कोल्हापुरात टाकीच्या काठावर अडकवायचा हँग-ऑन फिल्टर पुरेल असे सांगितले आणि पुण्यात संप व स्किमर यांच्याशिवाय खाऱ्या पाण्याच्या वाटेला जाऊच नका असा सल्ला मिळाला. ज्याच्या फळीवर जे शिल्लक होते तेच त्याने सुचवले, असा मला संशय आहे. त्यात आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून दोन-तीन वेळा जाते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या इमारतीत पाणी शिरले नाही, तरी वीज काही दिवस नव्हती. हे सर्व लक्षात घेऊन काय घ्यावे, हे कृपया अनुभवी सभासदांनी सांगावे.

संगम_माहुली :

हरिपूर_रोड यांस, तुमचा संशय अगदीच अनाठायी नाही. पण तिन्ही दुकानदार खोटे बोलले असेही नाही. ते तिघेही यंत्राबद्दल बोलले. खाऱ्या पाण्यात खरी गाळणी यंत्रात नसतेच, ती टाकीतल्या दगडात असते. हे एकदा मनात पक्के झाले की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. नायट्रोसोमोनास जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. इथपर्यंतची साखळी गोड्या पाण्यातही तीच असते आणि ती तुम्हाला ठाऊक असणारच. फरक असा की समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि पीएच एका अंकाने चढला की एकूण अमोनियातला विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. म्हणजे गोड्या पाण्यात सातच्या पीएचला जे प्रमाण मासे निभावून नेतात, तेच इथे त्यांचा जीव घेऊ शकते. दुसरा फरक प्राणवायूचा. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात मात्र सुमारे ६.८ मिलिग्रॅमच. पाणी तापले की दोन्ही आकडे खाली येतात, आणि सांगलीचा एप्रिल-मे काय असतो हे मी सांगायला नको.

म्हणून जीवाणूंना राहायला भरपूर सच्छिद्र पृष्ठभाग हवा आणि त्या पृष्ठभागावरून प्राणवायूयुक्त पाणी सतत वाहते राहायला हवे. तुमच्या टाकीत आठ ते दहा किलो सच्छिद्र कोरडे खडक आणि पाणी फिरवणारा एक लहान वेव्हमेकर एवढ्यानेच या कामाचा मोठा वाटा उचलला जाईल. बाहेरच्या फिल्टरकडे मग दोनच कामे उरतात : तरंगता कचरा अडवणे आणि पाण्याचा वरचा थर हलता ठेवणे. एवढ्या कामासाठी हँग-ऑन पुरतो. तासाला ६०० ते ८०० लिटर क्षमता लिहिलेला घ्यावा, कारण खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि फ्लॉस (कापसासारखा बारीक तंतूंचा थर) भरला की प्रवाह बराच उतरतो.

एक सावधगिरी आत्ताच सांगून ठेवतो. गोड्या पाण्याच्या टाकीतला जुना, मुरलेला स्पंज नव्या टाकीत टाकून जीवाणू आयते मिळतील असे वाटेल. तसे होत नाही. एवढ्या खारटपणात ते जीवाणू तग धरत नाहीत. उलट ते मेले की त्यांचाच कचरा होतो.

मिरज_जंक्शन :

संगम_माहुली यांच्या लिहिण्यातील शास्त्र मान्य आहे, पण कॅनिस्टर इतक्या सहजपणे बाजूला सारला जाऊ नये असे वाटते. मी तीन वर्षे खाऱ्या पाण्याच्या टाकीवर कॅनिस्टर चालवत आहे. त्यात सिरॅमिकच्या नळकांड्या भरपूर बसतात, आवाज येत नाही, टाकीच्या काठावर काही लटकत नाही आणि बाष्पीभवनाने पाणी दोन इंच उतरले तरी त्याचे काम थांबत नाही. हँग-ऑनचे पाणी उतरले की धबधब्यासारखा आवाज येतो आणि काठावर मिठाचे थर साचतात, हे कोणी सांगत नाही.

‘कॅनिस्टर म्हणजे नायट्रेटचा कारखाना’ हे वाक्य जो तो दुसऱ्याचे ऐकून पुढे ढकलतो. नायट्रेट कॅनिस्टर निर्माण करत नाही, त्यात सडणारा कचरा करतो. मी दर पंधरवड्याला उघडून धुतो. माझ्या टाकीत नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर गेलेले मला आठवत नाही.

संगम_माहुली :

मिरज_जंक्शन, ‘कारखाना’ या शब्दाबद्दल तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. दोष यंत्राचा नसून ते न उघडण्याच्या माणसाच्या स्वभावाचा आहे. तुम्ही दर पंधरा दिवसांनी उघडता; मी उघडत नव्हतो, आणि माझ्यासारखेच लोक जास्त असावेत. नळ्या बंद करा, जोड सोडवा, बादली आणा, झाकणाचे रबर नीट बसवा, पुन्हा पाणी ओढून घ्या : या सगळ्याला पाऊण तास जातो, आणि मग ‘पुढच्या रविवारी बघू’ सुरू होते. हँग-ऑनमधला फ्लॉस बदलायला एक मिनिट लागते, म्हणून तो बदलला जातो.

परंतु कॅनिस्टर टाळण्याचे माझे मुख्य कारण वेगळे आहे आणि ते थेट हरिपूर_रोड यांच्या विजेच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. कॅनिस्टर हा बंद डबा आहे. वीज गेली की आतले पाणी थांबते, पण आतले जीवाणू श्वास घेणे थांबवत नाहीत. काही तासांत डब्यातला प्राणवायू संपतो, जीवाणू मरू लागतात आणि अडकलेला कचरा प्राणवायूविना कुजू लागतो. मग वीज आली की पंप इमानेइतबारे ते सगळे पाणी टाकीत सोडतो. साताऱ्यात एका वादळी रात्री आमची वीज अकरा तास नव्हती. पहाटे ती आली तेव्हा मी झोपेत होतो. सकाळी उठलो तर खोलीत कुजक्या अंड्यांचा वास येत होता आणि चारपैकी तीन मासे तळाशी पडले होते. त्या वेळी डबा नुसता प्लगमधून काढून ठेवला असता आणि धुऊन मग लावला असता, तरी पुरले असते. चूक माझी होती, पण ज्या यंत्रात झोपेतल्या माणसाची चूक इतकी महाग पडते, ते नवशिक्याला सुचवायला माझा हात धजत नाही.

उघड्या दगडावरचे जीवाणू अशा वेळी जास्त काळ तगतात, कारण त्यांच्याभोवती पूर्ण टाकीचे पाणी असते आणि हातपंपाने, मगाने, कशानेही ते हलवता येते.

मिरज_जंक्शन :

अकरा तासांच्या उदाहरणापुढे मी माघार घेतो. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, हे मी वर लिहायला हवे होते. त्याच्याशिवाय कॅनिस्टर घेऊ नये, एवढी दुरुस्ती माझ्या मतात करून घ्यावी.

वाई_घाट :

मी पाच वर्षांपासून दीड फुटी टाकी चालवते, त्यामुळे लहान टाकीच्या बाजूने दोन शब्द लिहिते. कोणीच संपबद्दल बोलले नाही, म्हणून आधी ते.

टाकीखाली दुसरी टाकी ठेवून पाणी तिच्यात उतरवणे आणि पंपाने परत वर चढवणे, म्हणजे संप. पाण्याचे एकूण प्रमाण वाढते, सारी यंत्रे नजरेआड जातात आणि मोठ्या टाकीला त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. पण दोन फुटी टाकीला आणि दुसऱ्या मजल्यावर तो मी सुचवणार नाही. वीज गेली की वरच्या टाकीतले पाणी उतरणीच्या पातळीपर्यंत खाली येते. तेवढी रिकामी जागा संपमध्ये राखली नसेल, तर ते जमिनीवर येते आणि जमिनीतून खालच्या मजल्यावरच्या मंडळींच्या छतावर. परतीच्या नळीला वर एक बारीक छिद्र ठेवावे लागते, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. ते छिद्र मिठाने बुजले की पुन्हा तोच प्रसंग ओढवतो. शेजारधर्म टिकवायचा असेल तर पहिल्या वर्षी संप नको.

माझी पद्धत अशी आहे. टाकीच्या मागच्या बाजूला काचेची आडभिंत घालून चार इंचांचा कप्पा केला आहे आणि त्याचे तीन भाग पाडले आहेत. पाणी आडभिंतीच्या वरच्या काठावरील दात्यांवरून पहिल्या भागात येते, तिथे फ्लॉस आहे. मधल्या भागात सिरॅमिक मीडिया आणि हिवाळ्यासाठी हीटर. शेवटच्या भागात लहान पंप, जो पाणी पुढे टाकतो. वीज गेली तर पाणी दात्यांपर्यंत उतरते आणि थांबते, घराबाहेर काही जात नाही. बाष्पीभवनाने पातळी कमी झाली तर ती फक्त शेवटच्या भागात कमी झालेली दिसते, त्यामुळे किती पाणी घालायचे तेही कळते. काच कापणाऱ्याकडून हे करून घेता येते. फक्त बुरशीरोधक औषध घातलेले सिलिकॉन वापरू देऊ नका.

मात्र टाकी आधीच घेतलेली असल्यामुळे आता पंधरा इंचांतून चार इंच जातील. अकरा इंचांत खडक रचणे अवघड जाते, हे खरे.

कास_पठार :

एक शंका विचारतो, हसू नये. खडकच मुख्य गाळणी असेल तर तो विकत कशाला घ्यायचा? आमच्या बाजूला जांभा दगड हवा तेवढा आहे आणि त्याला छिद्रेही भरपूर असतात. नाहीतर रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरून खडक आणि समुद्राचे पाणी दोन्ही आणता येईल. सांगलीहून आंबा घाट उतरला की समुद्र काही फार लांब नाही.

संगम_माहुली :

कास_पठार, हसण्यासारखे यात काही नाही. मीही पहिल्या वर्षी जांभा हातात घेऊन उभा होतो. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात, त्याचा भुगा सुटतो आणि खाऱ्या पाण्यात त्यातून काय उतरेल याचा भरवसा देता येत नाही. मी तो वापरला नाही. काळा पाषाण निरुपद्रवी वाटतो, पण तो घट्ट असतो; जीवाणूंना आत शिरायला जागाच नसते, तो नुसता शोभेला राहील.

किनाऱ्यावरच्या खडकाची गोष्ट गंभीर आहे. दुकानांत ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात तो बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो. आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. ती समुद्रातून उचलणे, बाळगणे आणि विकणे गुन्हा आहे, आणि प्रवाळ मेलेले आहे ही सबब चालत नाही. समुद्री घोडे आणि समुद्री काकडी यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोणी ‘खास ओळखीतून’ आणून देतो म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडावे. कारखान्यात बनवलेले सिरॅमिकचे सच्छिद्र खडक मिळतात, ते घ्यावेत. त्यांच्यावर जीवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात, पण आगंतुक किडे-खेकडे सोबत येत नाहीत, हा फायदाही आहे.

पाण्याबद्दल : पावसाळ्यात कोकणच्या खाड्यांतून गोडे पाणी आणि गाळ समुद्रात येतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचा खारटपणा उतरतो. बंदराजवळचे पाणी तेलकट असते. आणि आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचे म्हटले तर दर आठवड्याला घाट उतरणार का? मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या संस्थेला समुद्र दाराशी होता, आपल्याला नाही. मत्स्यालयासाठी बनवलेले मीठ घ्यावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असे पुष्कळ काही असते. लिटरला साधारण ३६ ग्रॅम धरले, तर पंधरा लिटरला ५४० ग्रॅम, म्हणजे महिन्याला दोन किलोपेक्षा थोडे जास्त लागेल. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ असावे.

हरिपूर_रोड :

सर्वांचे मनापासून आभार. चित्र स्पष्ट होत आहे. संप आणि कॅनिस्टर बाद. आडभिंतीची कल्पना आवडली, पण पंधरा इंचांतली जागा सोडवत नाही. तेव्हा हँग-ऑन, खडक आणि वेव्हमेकर. उरला स्किमर. पुण्याच्या दुकानात तो अत्यावश्यक म्हणून सांगितला. तो नेमके करतो काय आणि दोन माशांसाठी त्याची गरज आहे का?

वाई_घाट :

तुम्ही सांगलीचे, तेव्हा गुऱ्हाळ पाहिले असेल. काहिलीत रस उकळू लागला की भेंडीचे पाणी घालतात, मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. स्किमर तेच करतो, फक्त उष्णतेऐवजी बुडबुड्यांनी. एका उभ्या नळकांड्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडले जातात. माशांची विष्ठा आणि खाद्य यांतून पाण्यात उतरलेल्या प्रथिनांसारख्या पदार्थांचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे पाण्यापासून पळणारे असते, म्हणून ते पाणी आणि हवा यांच्या सीमेवर, म्हणजे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर, चिकटून बसतात. फेस चढत चढत वरच्या पेल्यात जातो आणि तिथे चहाच्या रंगाचे, उग्र वासाचे पाणी साठते. गोड्या पाण्यात हे नीट जमत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात.

यातले महत्त्व असे की फिल्टर कचरा अडवतो, पण तो पाण्यातच राहतो आणि कुजतो. स्किमर तो अमोनिया होण्याआधीच पाण्याबाहेर काढतो. शिवाय एवढी हवा मिसळली गेल्यामुळे प्राणवायू वाढतो.

मिरज_जंक्शन :

हे सर्व चांगल्या स्किमरबद्दल खरे आहे. लहान टाक्यांसाठी मिळणारे स्वस्त स्किमर मात्र डोकेदुखी असतात. हवेच्या पंपावर आणि लाकडी एअरस्टोनवर चालणारा घेतला, तर काही आठवड्यांत तो दगड कोंदतो, बुडबुडे मोठे होतात आणि फेस वर चढत नाही. हँग-ऑन प्रकारचा घेतला, तर टाकीतली पातळी अर्ध्या इंचाने हलली की एक तर पेला कोरडा राहतो, नाहीतर भरून वाहतो. नवा स्किमर पहिले काही दिवस काहीच काढत नाही, कारण प्लॅस्टिकवरचा तेलकट थर जायचा असतो. लोक घाबरून स्क्रू पिळत बसतात. दोन लहान मासे आणि आठवड्याला पंधरा ते वीस टक्के पाणीबदल एवढ्यावर टाकी उत्तम चालते. स्किमरचे पैसे आधी मिठावर, खारटपणा मोजणाऱ्या खऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर आणि अमोनिया-नायट्राइटच्या चाचणी संचावर खर्च करावेत.

संगम_माहुली :

इथे मी मिरज_जंक्शन यांच्या बाजूने आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. स्किमर आज नको, पण काठावर त्याच्यासाठी सहा-सात इंचांची जागा मोकळी ठेवा. तिसरा मासा आला, किंवा कोणी लाडाने जास्त खाऊ घालू लागले (धाकटी मुलगी म्हणालात, म्हणून लिहितो), की त्याची गरज पडेल.

विजेचा प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. हँग-ऑन घेताना दुकानात एकच परीक्षा घ्या : पाणी भरून चालू करा, बटण बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चालू करा. काही फिल्टरांतले पाणी वीज जाताच टाकीत परत उतरते आणि वीज आली की पंप कोरडाच फिरत राहतो, जळेपर्यंत. ज्याचा पंप पाण्यात बुडालेला असतो, म्हणजे टाकीच्या आतल्या नळीच्या तळाशी, तो आपोआप सुरू होतो. तसाच घ्यावा. पंपाचा आस सिरॅमिकचा आहे का तेही पाहावे. गोड्या पाण्यासाठीच्या काही पंपांत पोलादी आस असतो, तो खाऱ्या पाण्यात गंजतो आणि माशांना त्रास देतो.

मोठ्या खंडासाठी यूएसबीवर चालणारा दोन वॉटचा हवेचा पंप पुरतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत नावापुरती ३७ वॉट-तास ऊर्जा असते. रूपांतरातली गळती धरली तरी बारा-तेरा तास सहज निघतात. पुराच्या दिवसांसाठी अशा दोन-तीन भरून ठेवाव्यात. मासे त्या काळात उपाशी ठेवावेत. खाद्य नाही तर अमोनिया कमी, आणि मोठे मासे चार-पाच दिवस खाण्यावाचून सहज राहतात.

हरिपूर_रोड :

पाण्याबद्दल एक उपप्रश्न. घरी पिण्याचा आरओ आहे, तेच पाणी चालेल ना?

वाई_घाट :

त्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजून पाहा. पिण्याच्या यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे टीडीएस ५० ते १०० च्या आसपास निघतो. तो झडपेचा स्क्रू बंद केला की दहा-पंधराच्या घरात येईल. सुरुवातीला तेवढे चालते, थोडे तपकिरी शेवाळ येईल इतकेच. पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनचे एक नळकांडे जोडावे. आणि रोजचे बाष्पीभवन भरून काढायला बिनमिठाचे पाणीच घाला, कारण मीठ उडून जात नाही. उन्हाळ्यात पंखा लावून पाणी दोन-तीन अंश थंड करता येते, पण मग दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडते. हँग-ऑन फिल्टरच्या पातळीवर त्या दिवसांत लक्ष ठेवावे लागेल.

कास_पठार :

वायरबद्दल कोणी लिहिले नाही. प्रत्येक वायर प्लगच्या खाली एक झोळ घेऊन मग वर जाऊ द्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी प्लगमध्ये न जाता झोळावरून खाली टपकेल. आमच्या दुकानाच्या टाकीचा बोर्ड असाच काळा झाला होता. अर्थ-लीकेज तोडणारा स्विच असेल तर फारच उत्तम.

हरिपूर_रोड :

सात आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण सल्ला घेऊन गप्प बसणे बरे नव्हे.

बुडालेल्या पंपाचा हँग-ऑन घेतला, खोक्यावर तासाला ७०० लिटर लिहिलेला. सोबत नऊ किलो सिरॅमिकचे खडक आणि तासाला १,६०० लिटरचा वेव्हमेकर. फिल्टरमध्ये कार्बन भरला नाही. खरबरीत स्पंज, त्यावर फ्लॉस आणि उरलेल्या जागेत सिरॅमिकच्या नळकांड्या. फ्लॉस दर तीन दिवसांनी बदलतो, आणि संगम_माहुली म्हणाले तसे त्याला खरोखर एक मिनिट लागते. खडकांची रचना मुलीने तीन वेळा मोडली. शेवटची तिचीच आहे आणि तीत पाणी सर्वांत चांगले फिरते, हे मान्य करावे लागेल.

जीवाणू वाढावेत म्हणून, मासे न घालता, कुजून अमोनिया सुटण्यासाठी बाजारातली एक सोललेली कोळंबी जाळीच्या पिशवीत टांगली. सहाव्या दिवशी अमोनिया दोनपर्यंत चढला, मग पिशवी काढून टाकली. सोळाव्या दिवसापासून नायट्राइट इतके वाढले की चाचणीच्या नळीतला रंग तक्त्याच्या शेवटच्या चौकोनापलीकडे गेला. पाचव्या आठवड्यात ते एकाएकी शून्यावर आले. त्यानंतर अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया पुन्हा दोनवर नेला. दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट मात्र चाळीसच्या पुढे. चाळीस लिटर पाणी बदलले आहे.

विजेची परीक्षा दुकानात एकदाच घेतली होती, घरी दहा वेळा घेतली. दहापैकी दोन वेळा फिल्टर सुरूच झाला नाही. पंप उघडून पाहिले तर आसाभोवती वाळूचा एक कण होता. वेव्हमेकरचे तोंड तळापासून वर वळवल्यावर वाळू उडायची थांबली आणि त्यानंतरच्या दहाही वेळा फिल्टर आपोआप सुरू झाला.

संगम_माहुली :

ही नोंद नवीन लोकांनी वाचण्यासारखी आहे, विशेषतः वाळूच्या कणाची. आता मासे घेताना बंदिस्त पैदाशीचे क्लाउनफिश मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास यशस्वी केलेली आहे आणि असे मासे आपल्या टाकीत आले की दाणेदार खाद्य सहसा लगेच खातात. समुद्रातून पकडलेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. औषध म्हणून तांब्याचे मिश्रण कोणी दिले, तर ते या टाकीत कधीही घालायचे नाही. खडक आणि वाळू ते शोषून धरतात आणि पुढे कोळंबी किंवा शंख ठेवता येत नाहीत. औषधोपचारासाठी वेगळी लहान टाकी आणि साधा स्पंज फिल्टर ठेवा. त्या स्पंजाला आजपासूनच मुख्य टाकीच्या कोपऱ्यात बुडवून ठेवा, म्हणजे लागेल तेव्हा तो जीवाणूंसकट तयार असेल.

हरिपूर_रोड :

स्पंज आज संध्याकाळीच टाकला. दोन मासे पुढच्या रविवारी येतील. काठावर स्किमरसाठी सात इंच जागा मोकळी ठेवली आहे; सध्या तिथे मुलीने खाद्याची डबी ठेवली होती, ती उचलून वरच्या फळीवर ठेवली आहे.